ऊन विषाणू घडवत नाही

पावसाळा लागला की मराठवाड्यात लम्पीची, म्हणजे गुरांच्या अंगावर गाठी आणणाऱ्या विषाणूरोगाची, चर्चा लागते, आणि 2022 पासून ती त्याच दोन वाक्यांपाशी येऊन थांबते. एक बाजू म्हणते, हवामान बदललं, उन्हाळे तापले, पाऊस वेळीअवेळी पडायला लागला, म्हणून विषाणूनं रूप पालटलं. आता लस लागू पडत नाही आणि माणसाच्या हातात काही उरलं नाही. दुसरी बाजू म्हणते, हवामानाचा इथे काडीचा संबंध नाही. गोठे घाण, लसीकरण कागदावर आणि शेतकरी निष्काळजी, बाकी सगळ्या सबबी आहेत. पारावर, दूध संकलन केंद्रावर, व्हॉट्सअ‍ॅपच्या गटांत हेच चालतं. माझं म्हणणं असं की दोन्ही बाजूंनी प्रश्नच चुकीचा मांडला आहे. हवामानाचा जनावरांच्या विषाणूंच्या जनुकीय उत्क्रांतीवर परिणाम होतो, याबद्दल मला शंका नाही. पण ऊन थेट विषाणूच्या जनुकांवर पडून तो होत नाही. तो होतो कीटकांमार्फत, जमिनीतल्या ओलाव्यामार्फत, आणि सगळ्यात जास्त जनावरांच्या गर्दीमार्फत आणि प्रवासामार्फत. आता ही गर्दी आणि हा प्रवास कोण ठरवतं? दुष्काळ ठरवतो, साखर कारखान्याचा हंगाम ठरवतो, आठवडी बाजार ठरवतो, सरकारी आदेश ठरवतात. हवामान आणि माणसाचा कारभार हे दोन वेगळे आरोपी नाहीत. पहिलं दुसऱ्याच्या वाटेनंच गोठ्यात शिरतं.

आधी मुळातली गोष्ट. विषाणूच्या जनुकांत बदल होतो तो स्वतःच्या प्रती काढताना होणाऱ्या चुकांमुळे. लाळ्या-खुरकूत, पीपीआर हा शेळ्या-मेंढ्यांचा साथरोग, मेंढ्यांची निळी जीभ यांचे विषाणू आरएनएचे, म्हणजे त्या रेणूत जनुकं साठवणारे. त्यांच्या प्रतींत चुका पुष्कळ होतात. लम्पीचा विषाणू देवीच्या कुळातला, डीएनएचा, जवळपास दीड लाख अक्षरांचा, आणि तो यांच्या मानानं फार सावकाश बदलतो. आता प्रश्न असा की या चुका मे महिन्याच्या रखरखीत उन्हात जास्त होतात का? विषाणू वाढतो गाईच्या शरीरात, आणि गाईचं शरीर बाराही महिने साधारण 38 ते 39 अंशांवर असतं. बाहेर नांदेडला 44 अंश असोत की परभणीला डिसेंबरच्या पहाटे 8 अंश, आतल्या विषाणूला तो फरक जवळपास जाणवतच नाही. हवेचं तापमान विषाणूला खरोखर भेटतं ते कीटकाच्या पोटात, कारण कीटकाला स्वतःची ऊब नसते. निळ्या जिभेचा विषाणू क्युलिकॉइडिस नावाच्या बारीक चिलटांच्या शरीरात वाढतो, त्यामुळे त्याच्यावर हवेच्या तापमानाचा अंमल चालतो. लम्पीचा विषाणू मुख्यतः चावऱ्या माश्या, डास आणि गोचीड यांच्या तोंडाला लागून एका जनावरावरून दुसऱ्यावर जातो. माशीच्या आत तो वाढतो असा पुरावा नाही. म्हणजे एकाच उन्हाळ्याचा या दोन विषाणूंशी नातेसंबंध सारखा असूच शकत नाही. 'हवामानामुळे विषाणू बदलतात' हे सरसकट वाक्य या पहिल्याच पायरीवर अडखळतं.

मग हवामान करतं काय? ते निवड करतं. ज्वारीच्या एका रानात चार वाणांचं बियाणं मिसळलेलं असेल आणि पाऊस दगा देऊन गेला, तर एखादा वाण तग धरतो, बाकीचे वाळतात, आणि पुढच्या पेरणीच्या बियाण्यात त्या एकाचा वाटा वाढतो. दुष्काळानं तो वाण तयार केलेला नसतो, फक्त मागे ठेवलेला असतो. विषाणूंचंही तसंच. असंख्य चुकांपैकी बहुतेक चुका निरुपयोगी, काही घातक, एखादी कामाची. कुठली कामाची ठरेल हे त्या जागी कोणता कीटक आहे, किती काळ आहे आणि त्याला पुढचं जनावर किती लवकर भेटतं यावर अवलंबून असतं.

याचं सगळ्यात स्पष्ट उदाहरण जनावरांचं नाही, माणसांचं आहे, आणि ते मराठवाड्यानं अंगावर काढलेलं आहे. 2006 साली चिकुनगुनियानं इथली गावंच्या गावं खाटेला खिळवली. सांधे धरलेली ती माणसं आजही सांगतात. तेव्हा इथे डास होता इडिस इजिप्ती, घरातल्या रांजणांत आणि टिपाडांत वाढणारा. त्याच सुमारास हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटावर विषाणूच्या आवरणातल्या एका प्रथिनात एकाच ठिकाणी बदल झालेला आढळला होता. त्या बदलानं विषाणूला इडिस अल्बोपिक्टस या दुसऱ्या डासात चांगलं रुजता येत होतं. 2006 च्या दख्खनमधल्या विषाणूत तो बदल नव्हता. 2007 मध्ये केरळात साथ आली तेव्हा तो होता, कारण तिथल्या ओल्या, झाडीच्या प्रदेशात, रबराच्या मळ्यांत अल्बोपिक्टसचं राज्य. देश एक, विषाणू एकाच वंशाचा. कोरड्या पठारावर एका रूपाचं निभावलं, ओल्या किनाऱ्यावर दुसरं रूप जिंकलं. निवड डासानं केली आणि डास कोणता हे हवेनं ठरवलं. पण इथलं टिपाड का भरून ठेवलेलं होतं? नळाला पाणी रोज येत नव्हतं म्हणून. पाणीपुरवठ्याचं वेळापत्रक हवामानशास्त्रात मोडत नाही, तरी विषाणूच्या निवडीत त्याचा हात होता.

आता हवामानवाल्यांची बाजू तिच्या सर्वांत भक्कम रूपात मांडली पाहिजे, कारण ती मांडली जात नाही. वेस्ट नाईल हा पक्ष्यांचा, घोड्यांचा आणि माणसांचा विषाणू 1999 साली न्यूयॉर्कमध्ये उतरला. काही वर्षांतच त्याच्या एका नव्या रूपानं जुन्याला हटवलं. नवं रूप डासाच्या आत लवकर तयार होत होतं, आणि तापमान चढेल तसा त्याचा हा फायदा वाढत होता. उष्णतेनं एका जनुकीय रूपाला दुसऱ्यावर सरशी दिल्याचा यापेक्षा सरळ पुरावा सहसा मिळत नाही. युरोपातली निळ्या जिभेची गोष्टही खरी आहे. 1998 पर्यंत तो रोग तिथे दक्षिणेच्या कडेला अधूनमधून डोकावायचा. मग तो भूमध्य समुद्राच्या काठानं वर सरकला, आणि 2006 साली नेदरलँड्स, बेल्जियम, जर्मनीत पोचला. चिलटाच्या शरीरात हा विषाणू साधारण 12 अंशांच्या खाली वाढतच नाही. 25-30 अंशांत आठवड्याभरात पुढे जायला तयार होतो. हिवाळा आखडला की त्याचा हंगाम लांबतो, हंगाम लांबला की प्रतींची संख्या वाढते, प्रती वाढल्या की निवडीला माल वाढतो. आणि लम्पीसारखे देवीकुळातले सावकाश विषाणू निवडीतून सुटतात असंही नाही. 1950 साली ऑस्ट्रेलियात ससे मारण्यासाठी मिक्सोमा विषाणू मुद्दाम सोडला गेला. तोही देवीकुळातला, तोही डासांच्या तोंडाला लागून जाणारा. ओल्या उन्हाळ्यात नद्यांच्या काठानं तो वणव्यासारखा पसरला. सुरुवातीला लागण झालेला जवळपास प्रत्येक ससा मरत होता. थोड्याच वर्षांत मधल्या ताकदीची रूपं वरचढ झाली, कारण जो ससा उशिरा मरतो त्याच्या कातडीवरच्या गाठींतून डासांना विषाणू जास्त दिवस मिळतो. डासांनी विषाणूची प्रकृतीच बदलली. यानंतर 'हवामानाचा संबंध नाही' असं कोणी म्हणत असेल तर त्यानं या तीन गोष्टींचं उत्तर द्यावं.

एवढं मान्य करूनही मराठवाड्याला हे जसंच्या तसं लावता येत नाही. युरोपात चिलटाला अडवते ती थंडी. आपल्याकडे थंडी अडवत नाही. डिसेंबर-जानेवारीतही दुपारचं तापमान 28-30 अंशांपर्यंत जातं. आपल्याकडे कीटकांचा हंगाम तोडतो तो कोरडेपणा. चिलटाला अंडी घालायला ओली माती, शेणाचा चिखल, पाणवठ्याचा काठ लागतो, आणि फेब्रुवारी ते मे हे सगळं भेगाळलेलं असतं. म्हणून इथे हवामानबदलाचा प्रश्न अंशांचा कमी आणि ओलाव्याचा जास्त आहे. अवकाळी पाऊस, लांबलेला परतीचा पाऊस, सप्टेंबरातली अतिवृष्टी, हे सगळं कीटकांचा कोरडा खंड आखूड करतं. 2025 च्या सप्टेंबरात धाराशिव-बीडकडे जे पाणी शिरलं, त्यानं गुरं तर वाहून नेलीच, पण जी वाचली ती आठवडेच्या आठवडे चिखलात उभी राहिली. शिवाय ओलावा फक्त आभाळातून येत नाही. जायकवाडीच्या कालव्याखाली आणि विहिरी-बोअरच्या पाण्यावर ऊस वाढला तसे वर्षभर ओले राहणारे पट्टे तयार झाले, आणि गोठे त्यांच्या बांधावरच आहेत. ऐन उन्हाळ्यात चिलटाला ओली जागा आपणच राखून ठेवली. हे हवामान म्हणायचं की पीकपद्धती? निळी जीभ भारतात पहिल्यांदा नोंदली गेली ती 1964 साली, महाराष्ट्रातल्याच शेळ्या-मेंढ्यांत. म्हणजे हा रोग आपल्या दाराशी सहा दशकं आहे, आणि इथल्या चिलटांचा, त्यांच्या हंगामाचा सलग हिशेब अजून आपल्या हाती नाही.

आता लम्पीकडे येऊ. 2022 ची साथ हवामानाच्या पदरात टाकण्याचा मोह समजण्यासारखा आहे. त्या वर्षीच्या मार्चमध्ये देशाचं सरासरी कमाल तापमान 122 वर्षांतलं सर्वाधिक होतं, आणि त्यानंतर लगेच कच्छ आणि पश्चिम राजस्थानात साथ भडकली. ऑगस्टमध्ये ती जळगाव जिल्ह्यातून महाराष्ट्रात पसरू लागली. देशभरात दीड लाखाहून जास्त जनावरं गेली. ऊन आधी, मरण मागून. मग कारण ऊन, असा निष्कर्ष लोकांनी काढला. पण जनुकांनी वेगळं सांगितलं. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या आणि इतर संस्थांच्या शास्त्रज्ञांनी गुजरात, राजस्थान, महाराष्ट्र, कर्नाटकातल्या जनावरांचे नमुने घेऊन विषाणूची पूर्ण जनुकीय क्रमवारी लावली. त्यांना दोन वेगळी रूपं सापडली. एक 2019 च्या रांची आणि 2020 च्या हैदराबादच्या विषाणूसारखं, फारसा फरक नसलेलं. दुसऱ्यात फरकच फरक, आणि ते 2015 साली रशियात आलेल्या साथीतल्या विषाणूशी जुळणारं. सगळे मिळून 1,800 हून अधिक जनुकीय फरक नोंदले गेले. देवीकुळातला सावकाश विषाणू एका उन्हाळ्यात इतका बदलत नाही. ज्याचे भाऊबंद सात वर्षांपूर्वी रशियात सापडतात, तो आपल्या मार्च महिन्यानं भाजून काढला असं म्हणायला आधार काय? हा विषाणू 1929 साली झांबियात पहिल्यांदा नोंदला गेला, 1989 ला इस्राएलात दिसला, 2013 ला तुर्कस्तानात, 2015 ला ग्रीस आणि रशियात, 2019 ला ओडिशात. या वाटेवर वाळवंटही आहे आणि बर्फही.

याहून अवघड उदाहरण पुढचं आहे. 2017 पासून रशियात, मग चीन, व्हिएतनाम, थायलंडमध्ये लम्पीची संकरित रूपं सापडू लागली. लशीतल्या विषाणूचे आणि रानटी विषाणूचे तुकडे एकमेकांत जोडले गेलेली. निसर्गात असं कसं झालं याचा शोध घेता घेता शास्त्रज्ञ पोचले ते मध्य आशियात वापरल्या गेलेल्या एका लशीपर्यंत. त्या लशीच्या तयार बाटल्यांतच वेगवेगळ्या विषाणूंची भेसळ आणि त्यांचे संकर सापडले. उत्क्रांतीची एवढी मोठी उडी हवामानानं मारली नव्हती, कारखान्यातल्या ढिलाईनं मारली होती. निळ्या जिभेचंही एक असंच प्रकरण आहे. 2006 मध्ये युरोपात आलेलं तिचं आठव्या क्रमांकाचं रूप लसीकरणानं आटोक्यात आलं, आणि 2015 साली फ्रान्समध्ये ते पुन्हा उगवलं. तपासलं तर मधल्या वर्षांत त्याच्या जनुकांत जवळपास काहीच बदल झालेला नव्हता. आरएनएचा विषाणू कळपात फिरत राहिला असता तर हे अशक्य. कुठल्या तरी शीतपेटीत गोठून पडलेल्या साठ्यातून तो बाहेर आला असावा, हेच त्याचं पटण्यासारखं स्पष्टीकरण आहे. दोन्ही ठिकाणी हवामानावर बोट दाखवून मोकळं होणं सोपं होतं, आणि दोन्ही ठिकाणी ते चूक ठरलं असतं.

मग दुसरी बाजू जिंकली का? नाही. कारण माणसाचा कारभार हवेत तरंगत नाही, आणि मराठवाड्यात तर तो पावसावरच टेकलेला आहे. 2019 चा उन्हाळा आठवा. राज्यातल्या चारा छावण्यांपैकी सर्वाधिक बीड जिल्ह्यात होत्या, शेकडोंनी. आसपासच्या गावांतली जनावरं एका माळावर, दावणीला दावण, पाण्याचं टाकं एक, शेणाचे ढीग तिथेच. छावणी नसती तर ती जनावरं मेली असती किंवा मातीमोलानं विकली गेली असती, म्हणून छावणीला विरोध करणाऱ्यांत मी नाही. पण विषाणूच्या नजरेनं पाहिलं तर गावागावांत विखुरलेले शेकडो छोटे कळप त्या दिवसांपुरते एकच कळप होतात. छोट्या कळपात साथ जनावरं संपली की विझते. मोठ्या कळपात तिला संपायला कारणच उरत नाही. निळ्या जिभेच्या विषाणूची जनुकं दहा सुट्या तुकड्यांत असतात. दोन प्रकारांची लागण एकाच जनावरात झाली तर तुकड्यांची अदलाबदल होऊन तिसरंच रूप तयार होऊ शकतं, आणि गाई-म्हशी बहुधा आजारी न दिसता हा विषाणू बाळगतात. शेजारच्या रानात खतासाठी बसवलेल्या मेंढ्यांना तो चिलटांमार्फत जातो आणि मरतात त्या मेंढ्या. छावणी 2019 च्या उन्हाळ्यात होती, लम्पी देशात आली त्याच वर्षीच्या ऑगस्टात. काही महिन्यांचं अंतर. पुढच्या दुष्काळात ते अंतर असणार नाही, आणि छावणीच्या शासकीय नियमावलीत दावणीतलं अंतर, प्रवेशापूर्वीची लस, माश्यांचा बंदोबस्त या गोष्टी चाऱ्याच्या किलोंइतक्या काटेकोर कधी होणार?

छावणीपेक्षाही मोठी वाट उसाची आहे. दसरा झाला की बीड, जालना, परभणी, धाराशिवच्या वाड्या-तांड्यांतून बैलगाड्या निघतात, सांगली-कोल्हापूरकडे, नगरकडे, कर्नाटकात. मुकादमाची उचल घेतलेली असते, त्यामुळे बैल आजारी आहे म्हणून थांबण्याची सोय नसते. फडाच्या कडेला तळ पडतो. एका तळावर पाच तालुक्यांतले बैल, शेजारी स्थानिकांचे गोठे, पाचटाचा आणि मळीचा वास, माश्यांचे थवे. पाच-सहा महिने हे चालतं आणि मार्च-एप्रिलमध्ये तेच बैल जे काही मिळालं ते अंगात घेऊन घरी परततात. लम्पीच्या गाठींत आणि खपल्यांत विषाणू महिनाभरही टिकतो, म्हणजे बरा होत आलेला बैलसुद्धा प्रवासात विषाणू वाहू शकतो. राज्यात जनावरांची एवढी लांबची, एवढी नियमित आणि तारखेसकट माहीत असलेली हालचाल क्वचितच दुसरी असेल. तिचं मूळ काय? मराठवाड्याचा पर्जन्यछायेतला तुटपुंजा पाऊस, एका पिकावर न भागणारं कोरडवाहू रान. इथे हवामान आहे, पण ते तापमापीत दिसत नाही, कोयत्यात आणि जूवात दिसतं. हवामानवाले याकडे पाहत नाहीत, कारण त्यांची नजर आकाशाकडे आहे. गोठेवाले पाहत नाहीत, कारण त्यांना दोष गोठ्याच्या चार भिंतींतच शोधायचा आहे.

'विषाणू बदलला, आता लशीत राम नाही' हे वाक्य मला सगळ्यांत घातक वाटतं, कारण ते ऐकून माणूस लसीकरणाच्या दिवशी जनावर रानात घेऊन जातो. बुळकांडीचा, म्हणजे गुरांच्या जुन्या जीवघेण्या साथरोगाचा, इतिहास या वाक्याला पुरून उरतो. बुळकांडीचा विषाणू आरएनएचा, भराभर चुका करणारा. आफ्रिकेतल्या गवताळ रानांपासून आपल्या पठारापर्यंत सगळ्या हवामानांत तो दशकानुदशकं फिरला. 1890 च्या दशकात त्यानं आफ्रिकेतली गुरं अशी झोपवली की माणसं दुष्काळानं मेली. आपल्याकडे त्यासाठी इंग्रज सरकारनं 1889 साली पुण्यात प्रयोगशाळा काढली आणि चार वर्षांनी ती मुक्तेश्वरला हलवली. विषाणूचे वंश वेगवेगळे झाले, तरी 1960 च्या दशकातली एकच लस त्या सगळ्यांवर चालली. भारतातली शेवटची साथ 1995 ची. 2011 साली तो रोग पृथ्वीवरून गेल्याचं जाहीर झालं. भराभर बदलणारा प्रत्येक विषाणू लशीला चुकवतोच असं नाही. काही विषाणूंच्या आवरणाचा जो भाग शरीर ओळखतं तो भाग बदलला तर विषाणूच कामातून जातो.

याला उलट उदाहरण आहे आणि ते लपवण्यात अर्थ नाही. लाळ्या-खुरकुतीच्या विषाणूचे सात मुख्य प्रकार, एकाची लस दुसऱ्यावर चालत नाही, आणि एका प्रकाराच्या आतसुद्धा विषाणू लशीपासून दूर सरकतो. भारतात ओ, ए आणि एशिया-1 असे तीन प्रकार फिरतात. ओ प्रकारासाठी 1975 सालचा लस-विषाणू दशकानुदशकं वापरात राहिला. ए प्रकाराचा जुना मात्र बदलून 2000 सालचा घ्यावा लागला. तो बदल कसा कळला? देशभरातून आलेले नमुने वर्षानुवर्षं लशीशी ताडून पाहणारी एक राष्ट्रीय व्यवस्था होती म्हणून. लस चालते की नाही, हा प्रश्न पारावर सुटत नाही, नमुन्यांवर सुटतो. लम्पीला आपण 2022 मध्ये शेळ्यांच्या देवीची लस दिली, कारण हाताशी तीच होती. जवळच्या नात्यातला विषाणू असल्यानं ती बऱ्यापैकी उपयोगी पडते आणि त्या वेळी तोच निर्णय बरोबर होता. पण लस घेतलेल्या ज्या जनावरांना नंतर लम्पी झाली, त्यांच्यातला विषाणू वेगळा होता, की लस गाडीतच तापली होती, की जनावराला ती लागण झाल्यावर टोचली गेली? दर वर्षी नव्यानं जन्मलेली, लस न घेतलेली वासरं गोठ्यात असतात. साथ पुन्हा पेटायला तेवढं पुरतं, विषाणूला बदलण्याचीही गरज नसते. प्रत्येक कारणाचा इलाज वेगळा. कारण न शोधता हवामानाचं नाव घेणं म्हणजे इलाजाचा मार्ग बंद करणं.

यावर सर्वांत वजनदार आक्षेप असा येतो: शेतकऱ्याला आज लस हवी, डॉक्टर हवा, दवाखान्यात रिकामी पडलेली पदं भरायला हवीत, जनुकीय क्रमवारी ही पोट भरलेल्यांची चैन आहे. या आक्षेपातला अर्धा भाग मला पूर्ण मान्य आहे. ज्या तालुक्यात एक पशुवैद्यक चार दवाखान्यांचा कारभार पाहतो, तिथे आधी माणूस द्या. पण उरलेला अर्धा टिकत नाही. मेलेल्या गाईला 30 हजार, बैलाला 25 हजार, वासराला 16 हजार अशी भरपाई सरकारनं लम्पीत दिली, आणि ती द्यायलाच हवी होती. त्या एका गाईच्या भरपाईत विषाणूचे किती नमुने वाचून होतील याचा विचार करा. परभणीला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, उदगीरला आहे. नमुने पुण्याला आणि भोपाळला जातात, रोग आहे की नाही एवढं उत्तर येतं, आणि मराठवाड्यातला विषाणू गेल्या वर्षीपेक्षा वेगळा आहे का हे मराठवाड्याला कोणी नियमानं सांगत नाही. या दोन महाविद्यालयांनी दर हंगामात आठ जिल्ह्यांतले ठरावीक नमुने वाचावेत, प्रकाशसापळे लावून चिलटांची आणि माश्यांची दर आठवड्याची मोजणी करावी, आणि परभणीच्या कृषी विद्यापीठाच्या हवामान पत्रिकेत कापसाच्या बोंडअळीशेजारी तो आकडाही छापावा. मग हवामान आणि विषाणू यांचं नातं काय, यावर आपण आपल्या मातीतल्या आकड्यांनी वाद घालू.

हवामानाचं ज्ञान रोग येण्याआधी वापरता येतं हेही कुणी कल्पनेनं सांगत नाही. पूर्व आफ्रिकेत रिफ्ट व्हॅली तापाच्या मोठ्या साथी एल निनोच्या अतिवृष्टीनंतर येतात, कारण पाणथळ खळग्यांत वर्षानुवर्षं पडून राहिलेली डासांची अंडी त्या पावसानं उघडतात. 2006 च्या शरदात उपग्रहांनी टिपलेल्या समुद्राच्या तापमानावरून आणि हिरवाईवरून साथ येण्यापूर्वी काही आठवडे इशारा दिला गेला, आणि साथ खरोखर आली. आपल्याकडेही बंगळूरची निवेदी ही केंद्रीय संस्था जनावरांच्या रोगांचा जिल्हानिहाय अंदाज दोन महिने आधी देते. तो अंदाज लातूरकडच्या हाळी हंडरगुळीच्या बाजारात बैल घेऊन आलेल्या माणसापर्यंत, नांदेडकडच्या माळेगावच्या यात्रेच्या नियोजनापर्यंत पोचतो का? गाडीला जुंपण्याआधी महिनाभर बैलाला लस, तिची नोंद मुकादमाच्या हिशेबवहीत आणि कारखान्याच्या फाटकावर तपासणी, एवढं ठरवायला कोणता नवा कायदा लागतो? बैल ज्याच्या उसासाठी चालतो त्या कारखान्यानं लशीचा खर्च उचलावा, हे मागणं मला अवाजवी वाटत नाही.

एक अडचण मात्र खरी आहे आणि तिच्यावर कोणी बोलत नाही. 2009 च्या कायद्यानुसार संसर्गजन्य रोगाची खबर देणं हे जनावराच्या मालकाचं कर्तव्य आहे. पण खबर दिली की काय होतं? 2022 मध्ये बाजार बंद झाले, वाहतूक बंद झाली, शेजाऱ्यांनी दूध घेणं थांबवलं. दुधातून लम्पी माणसाला होत नाही हे सांगेपर्यंत महिन्याचं दूध ओतलं गेलं होतं. भरपाई मेलेल्या जनावराला मिळाली. जगलेल्या, आटलेल्या, थानाला गाठी आलेल्या गाईला काही नाही. अशा वेळी पहिली गाठ दिसलेला माणूस ती हळद-कडुलिंबाच्या लेपाखाली झाकतो, आणि शक्य झालं तर शनिवारच्या बाजारात जनावर विकून मोकळा होतो. त्या क्षणी विषाणूचं जे रूप त्या जनावरात असतं त्याला तालुका ओलांडायची संधी मिळते. मिक्सोमाच्या सशांत जे दिसलं ते इथे लागू आहे: न मरता बराच काळ आजारी राहणारं, फिरणारं जनावर हे विषाणूला सर्वांत सोयीचं. त्या माणसाला निष्काळजी म्हणून काय मिळणार? गावात पहिली खबर देणाऱ्याला आटलेल्या दुधाचा आणि अडकून पडलेल्या बैलाच्या मजुरीचा मोबदला ठरवून द्या, आणि तो नमुना घेतल्यापासून आठवड्याच्या आत द्या. ऊसतोडीच्या गाड्या निघण्याआधी, सप्टेंबर संपेपर्यंत, हा आदेश निघाला तर या हंगामाचे नमुने हाती लागतील. ऑक्टोबरात निघाला तर विषाणू पाच जिल्हे पुढे गेलेला असेल.